सर्व्हिसबेरीचा पहिला तोडा

खैरुद्दीनला बागकामातलं काही कळत नव्हतं, असं कोणी म्हणालं तर खुशाल त्याला वेड्यात काढा. बाणकोटला बापाच्या हाताखाली आंब्याची कलमं बांधत वाढलेला माणूस तो. साठ-एकसष्ट साली लाँचमधून दुबईला उतरला, तेव्हा खाडीच्या दोन्ही तीरांना वाळू आणि वारा, दुसरं होतं काय? तरी जुमेराला एका कॅनडाच्या साहेबाच्या बंगल्यात त्याने वाळूत भेंडी काढून दाखवली होती.

त्याचं दुखणं वेगळंच होतं. बायको मैमुनाबी तिकडे बाणकोटला, आणि हा इथे दुबईच्या देरा वस्तीत सात-आठ गाववाल्यांबरोबर एका खोलीत. सासऱ्याने तर साफ सांगून टाकलं होतं, दोन वर्षांत घर कर आणि पोरीला घेऊन जा, नाहीतर तिला मोकळी कर. आता घर काय खिशात असतं? बंगल्यामागे एक खोली रिकामी पडली होती, रंगाचे डबे आणि मोडक्या खुर्च्या कोंबलेली. खैरुद्दीन जाता-येता तिच्याकडे बघायचा. चूल कुठे मांडायची तेसुद्धा त्याने मनात ठरवलं होतं.

त्या जानेवारीत मेमसाहेबांनी आपल्या देशातून दोन झुडपं मागवली. सर्व्हिसबेरी म्हणतात म्हणे. मुळं गोणपाटात गुंडाळलेली, अंगावर एक पान नाही, नुसत्या काटक्या. मेमसाहेबांच्या आईच्या परसात हीच झुडपं होती, गुडघाभर बर्फात उभी राहायची आणि उन्हाळ्यात फळांनी लगडायची. लावताना मेमसाहेब स्वतः जवळ उभ्या राहिल्या.

"खैरुद्दीन," त्या हसून म्हणाल्या, "जिस दिन मैं इसका फल खाऊँगी, उस दिन पीछे का रूम तेरा. बीबी को बुला ले."

त्या हसून बोलल्या, पण याच्या काळजावर ते कोरलं गेलं. त्याने झावळ्यांचा मांडव घातला, वाऱ्याच्या बाजूने गोणपाट बांधलं. गाढवावरून येणाऱ्या गोड्या पाण्यातला आपल्या वाट्याचा डबासुद्धा झुडपांना ओतला आणि स्वतः मचूळ पाणी प्यायला. सोबतीचा याकूब त्याला चिडवायचा, झुडपाशीच निकाह लावलास की काय म्हणून. आणि अहो, फेब्रुवारीत काटक्यांना पांढरी फुलं आली! एप्रिलमध्ये मूठभर जांभळी फळं पिकली, करवंदापेक्षा जरा लहान. मेमसाहेब रोज चहाचा कप घेऊन बघायला यायच्या, फळ दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, शुक्रवारी तोडू.

इथेच माशी शिंकली. खैरुद्दीनच्या गावची रीत अशी की नव्या झाडाचं पहिलं फळ मालकाने तोंडात घालायचं नाही. पहिला तोडा अल्लाच्या वाटेवर द्यायचा, मग झाड पिढ्यान्‌पिढ्या देतं. त्याच्या चुलत्याने हावरटपणा करून नव्या फणसाचा पहिला गरा खाल्ला, तर फणस उभा वाळला होता. तेच इथे झालं तर? झाड वाळलं की मेमसाहेब दिलेली खोलीही काढून घेणार, खोली गेली की मैमुना गेली. मेमसाहेबांना विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. बापाने कधी कोणाला विचारलं होतं? शुक्रवारी सकाळी त्या उठायच्या आत त्याने सगळी फळं तोडली. अर्धी ठेवली असती तर? पण अर्धा तोडा म्हणजे तोडाच नव्हे. मशिदीत कुराण तोंडपाठ म्हणणाऱ्या आंधळ्या हाफिजजींच्या ओंजळीत त्याने ती ओतली. त्यांनी बसल्या जागी खाल्ली, हात वर करून बरकतीची दुआ दिली. खैरुद्दीन मोठ्याने आमीन म्हणाला.

परत आला तो मेमसाहेब झुडपापाशी उभ्या होत्या. त्याने हौसेने सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पायरीवर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "एक भी नहीं रखा?"

पुढच्या साली टोपलीभर येतील, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. मग खोलीही पुढच्या साली, असं म्हणून त्या आत गेल्या. शब्द म्हणजे शब्द, या लोकांचं असंच.

पुढच्या साली एक फूल आलं नाही. पानं कडांनी करपली. खैरुद्दीनने जिवाचं रान केलं, बर्फाच्या कारखान्यातून बर्फ आणून मुळांशी पसरला. शेवटी रास अल खैमाहून साहेबांचा एक शेतीतला पाहुणा आला आणि झुडूप बघून हसलाच. ती फुलं इथली नव्हतीच, तो म्हणाला. कळ्या तिकडच्या थंडीत धरल्या होत्या, झुडपाबरोबर आल्या आणि इथे फक्त उमलल्या. इथे तशी थंडी पडणार नाही आणि याला पुन्हा फळ धरणार नाही.

म्हणजे पहिला तोडा तोच शेवटचा. मागच्या खोलीत जनरेटर बसला. सासऱ्याची मुदत भरली, आणि गावच्या काझीसमोर मैमुनाबी मोकळी झाली. निरोप याकूबनेच आणला. त्या दिवशी त्याने चिडवलं नाही.

खैरुद्दीन उठला आणि मशिदीत गेला. हाफिजजींच्या समोर बसून त्याने विचारलं, ती फळं चवीला कशी होती? म्हातारा बराच वेळ आठवत राहिला. कसली फळं, ते काही त्याला आठवेना.

"माझी बायको खाल्लीत तुम्ही, हाफिजजी," खैरुद्दीन म्हणाला.

म्हाताऱ्याला ते नीट ऐकू गेलं नसावं. कोणीतरी दुःखी माणूस आलाय एवढं त्याला कळलं. त्याने हात वर केले आणि पुन्हा तीच बरकतीची दुआ सुरू केली. खैरुद्दीन आमीन न म्हणताच उठून गेला.