लाम-सानच्या मिस्टरांचा चहा

आधीच सांगून ठेवते — या ग्रुपवरचे अनुभव मी नेमाने वाचते आणि बहुतेकांना नाक मुरडते. रात्री रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई दिसली असं कोणी लिहिलं की मला पहिला प्रश्न पडतो, एवढी पांढरी साडी धुतं कोण. पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते झालंच नाही, असं ठणकावून सांगायचे मला पैसे मिळायचे. तरी लिहितेय, कारण नवऱ्याला सांगून झालं, आईला सांगून झालं, आणि दोघांनी “झोप होते ना नीट?” एवढंच विचारलं.

आम्ही तोक्योच्या कोतो वॉर्डात राहतो. निखिल, म्हणजे माझा नवरा, आयटीत आहे. लेक इरा इथल्या भारतीय शाळेत जाते. तिला शाळेत सोडलं की मी सायकलने एका हाँगकाँगी चहाच्या दुकानात जाते. तिथे मी बाइतो करते, म्हणजे पार्ट-टाइम नोकरी. अपार्टमेंटच्या तळमजल्यावर पाच टेबलं आणि एक काउंटर, एवढंच दुकान. मालकीण लाम-सान, सत्तरीच्या, चाळीस वर्षांपूर्वी हाँगकाँगहून मिस्टरांबरोबर इथे आल्या. मी कामाला लागायच्या आधीच मिस्टर गेले होते. मी त्यांना फक्त काउंटरमागच्या फोटोत पाहिलंय, हसताना डोळे गायब होणारे गृहस्थ.

या दुकानाने मला माणसात आणलं हो. इथे आल्यावर पहिलं वर्षभर मी घरात बसून कचऱ्याचं वर्गीकरण तेवढं शिकले होते. दुकानात गर्दी झाली की लाम-सान अनोळखी गिऱ्हाइकांना एकाच टेबलावर बसवतात, त्यांच्या गावाची रीतच तशी. जपानी माणसं आधी दहा वेळा “सुमिमासेन”, म्हणजे माफ करा, म्हणतात, अंग चोरून बसतात आणि पंधरा मिनिटांनी एकमेकांच्या बशीत डोकावतात. अननस-बन म्हणून एक प्रकार आहे, त्यात अननस औषधालाही नाही, वरचं कवच तसं तडकलेलं म्हणून ते नाव. आणि तांदळाची पेज — अगदी आपल्या आजारपणातल्या पेजेसारखी, फक्त ही धडधाकट माणसं आवडीने खातात. त्यांच्या पेजेत वाळवलेला मासा असतो. मी शाकाहारी कळल्यावर लाम-साननी दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं. “बारीक झालीस,” म्हणायच्या आणि वाटी भरायच्या. मी बारीक झाले असं म्हणणारी पृथ्वीच्या पाठीवर ही एकच बाई.

पण दुकान चालतं ते चहावर. जाडी पत्ती, मध्यम पत्ती आणि भुकटी एकत्र उकळायची, मोज्यासारख्या लांब कापडी गाळणीतून चार-पाचदा या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची, कपात आधी डब्यातलं घट्ट दूध आणि वरून चहा. पत्तीचं प्रमाण लिहून ठेवता येत नाही, कारण माल दर वेळी वेगळा येतो. रोज सकाळी चाखून ठरवायचं.

गेल्या हिवाळ्यात लाम-सान तापाने आडव्या झाल्या. ताप उतरला, पण जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही गेले ते गेलेच. बाईंनी कोणाला पत्ता लागू दिला नाही. मला कळलं ते कपांवरून. इथले लोक तक्रार करत नाहीत. अर्धा कप तसाच ठेवतात, हसून “गोचिसोसामा”, म्हणजे छान झालं हो, म्हणतात आणि परत येत नाहीत. टॅक्सी चालवणारे एक काका रोज दोन कप घ्यायचे, त्यांनीही एक दिवस अर्धा ठेवला.

मी खोदून विचारलं तेव्हा लाम-सान खुर्चीत बसल्या. “चव न कळणाऱ्या बाईने लोकांना खायला घालू नये,” म्हणाल्या. “मार्चअखेर बंद करते. मुलीकडे कोबेला जाईन.”

मुलगी भली आहे, पण तिच्या घरी या दिवसभर खिडकीत बसणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

“तुम्ही सांगा, मी चाखते,” मी म्हणाले.

“तू? चहात आलं घालणारी?”

पण नाही म्हणाल्या नाहीत. रोज दुकान उघडायच्या आधी तासभर मी पत्ती बदलून बदलून चहा करायला लागले. कधी नुसता कडू, कधी मिळमिळीत. त्यांचा चहा मी इतकी वर्षं प्यायले, पण तो नेमका कसा होता ते जिभेला सांगता येईना. काउंटरवर जागा नसायची, म्हणून तयार कप मी कोपऱ्यातल्या टेबलावर नेऊन ठेवायचे.

सहाव्या दिवशी कप ठेवला आणि वळले, तोच मागून आवाज आला. टक-टक. लाकडावर बोट वाजवल्यासारखा, स्वच्छ.

टेबलाशी कोणी नव्हतं. लाम-सान आत भांडी घासत होत्या. मी पाइप पाहिले, फ्रिजला कान लावला, टेबलाखाली वाकून पाहिलं. मग चहा चाखला... आणि तो तोच होता. त्या दिवशी टॅक्सीवाल्या काकांनी कप रिकामा केला आणि दुसरा मागितला.

आता माझा स्वभाव. दुसऱ्या दिवशी मुद्दाम चहा बिघडवला. आवाज नाही. पुन्हा बिघडवला, नाही. सहाव्या दिवशीच्या मापाने केला — टक-टक. लाम-सानना दूध आणायला बाहेर पाठवून केला, तरी तेच. आठवडाभर हा उद्योग चालला. निखिल म्हणाला, “तुझ्या मेंदूला चव आधीच कळते, आवाज तोच काढतो.” असेल बाबा. पण आवाज यायचा तेव्हा मी चहा चाखलेला नसायचा.

शेवटी न राहवून लाम-सानना सांगितलं. त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “ती त्यांची जागा.”

हाँगकाँगात कोणी चहा दिला की टेबलावर बोटांनी टकटक करून आभार मानतात. तोंड खाण्यात आणि गप्पांत गुंतलेलं असतं ना. मिस्टर घरीदारी प्रत्येक कपाला असेच आभार मानायचे.

“एका बोटाने वाजलं की दोन?” त्यांनी विचारलं.

मला कसं कळणार? त्यांनी टेबलावर दोन्ही करून दाखवलं. एका बोटाचा आवाज सुका, बारीक. दोन बोटांचा भरीव.

“एका,” मी म्हणाले.

“एक बोट धाकट्यांसाठी. बरोबरीच्या माणसाला दोन. म्हणजे तुझे आभार मानले.” त्या उठल्या आणि धुतलेलं भांडं पुन्हा धुवायला लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “ते गेल्यापासून रोज सकाळी, तू यायच्या आधी, मी तिथे एक कप ठेवते. मला एकदाही नाही.”

कुठून सांगितलं असं झालं मला. मी आनंदाने सांगायला गेले आणि या बाईचं उरलंसुरलंही काढून घेतलं. मार्चअखेरचं काय, हे विचारायची हिंमत झाली नाही. त्या दुपारी मुलीशी फोनवर सामान हलवायचं बोलत होत्या.

आणि मला त्या मिस्टरांचा अस्सा राग आला. मेलेल्या माणसाचा असा राग येतो हे मला नवीनच होतं. लाम-सान फोन घेऊन बाहेर गेल्यावर मी त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि चक्क मराठीत झापलं. “अहो, काही जनाची नाही तर मनाची? परक्या बाईच्या चहाला दाद देता, आणि जिने जन्मभर करून घातला ती तुम्हाला दिसत नाही? लाज वाटत नाही?” त्यांना मराठी कळलं की नाही, देव जाणे. सूर कळला असावा. सगळ्या नवऱ्यांना तो कळतो.

दुसऱ्या दिवशी मी पत्तीला हात लावला नाही. “आज तुम्ही करा,” म्हणाले.

“मला चव कळत नाही.”

“हात आहेत ना? हातांना विचारा.”

कुरकुरत त्यांनी केला. न चाखता, न मोजता, नुसता ओतत राहिल्या. कप नेऊन कोपऱ्यात ठेवला आणि खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभ्या राहिल्या. मी कान टवकारून होते. फ्रिजची घरघर सोडली तर मला काहीही ऐकू आलं नाही. खोटं कशाला सांगू, काहीही नाही.

पण लाम-सान एकदम ताठ झाल्या. मग खुर्चीकडे पाहून त्यांच्या भाषेत फडाफडा बोलल्या. शब्द कळला नाही, पण उशिरा घरी आलेल्या नवऱ्याला बायको कशा आवाजात बोलते हे मला ठाऊक आहे. माझ्याकडे वळल्या तेव्हा गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी दोन बोटं वर करून दाखवली.

मी तो कप उचलून एक घोट घेतला. कडूजहर. घशाखाली उतरेना.

“कसा झालाय?”

“कडू,” मी खरं तेच सांगितलं.

“मग बरोबर. त्यांना माझा वाईट चहा कधी वाईट म्हणताच आला नाही.” आणि डोळे पुसत म्हणाल्या, “उद्यापासून तू चाख, मी ओतते.”

दुकान चालू आहे. कोबेची मुलगी आता महिन्यातून एकदा इथे येते. मला तो आवाज त्यानंतर कधीच आला नाही. सगळे तर्क लढवून झाले, एकही धड बसत नाही. परवा लाम-सानना विचारलं, तुम्हाला यातलं काही उलगडतं का? त्या पेज ढवळत होत्या, मान वर केली नाही.

“नवऱ्याने चहा प्यायला,” म्हणाल्या, “त्यात उलगडायचं काय?”