स्तामेनोव मास्तरांची साक्ष

रादोय स्तामेनोव बावीस वर्षं तुरुंगात पहारेकरी होते. तरुणपणी ज्युडोत नाव कमावलेलं. नोकरी संपल्यावर ते आमच्या रूसे शहरात शाळेच्या व्यायामशाळेत दर मंगळवारी बायकांना स्वतःचा जीव कसा वाचवायचा ते शिकवू लागले. आम्ही चौदा जणी होतो. मी पोस्टातली, बाकीच्या दवाखान्यातल्या, बेकरीतल्या.

शोभेचे डाव मास्तरांना खपत नसत. "सिनेमातलं सिनेमात ठेवा. पळता येत असेल तर पळा. नाहीच जमलं तर डोळे, गळा, गुडघा. आणि मग पुन्हा पळा."

"आणि मिशी ओढली तर, मास्तर?" झ्लातिना विचारायची.

"ओढून बघ, मग तुझ्यामागे मीच पळेन!"

झ्लातिना मोज्यांच्या कारखान्यात होती. वजन फार तर अठ्ठेचाळीस किलो. उन्हाळ्यातही गळ्याभोवती रुमाल असायचा. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिच्या नवऱ्याचं, क्रूमचं नाव कुणी काढत नसे. गळा आवळणाऱ्याचे हात सोडवायचा डाव तिने तीन महिने घोटला. एका मंगळवारी तिने खुद्द मास्तरांना चटईवर आडवं केलं. आम्ही टाळ्या पिटल्या. मास्तर उठत म्हणाले, "आता तुझ्या गळ्याला कोण हात लावतो बघू!"

मार्चमध्ये क्रूमने तिला सुरीने भोसकून मारलं.

गळा सोडवून ती निसटली होती. समोरच्या शेजारणीने तिला जिन्यात पाहिलं होतं. पण पाच वर्षांची लेक आत राहिली होती, म्हणून ती परत फिरली.

खटल्यात क्रूमच्या वकिलाने मास्तरांना साक्षीला बोलावलं.

"आरोपीच्या डोळ्याला इजा झाली आहे. डोळ्यात बोटं घालायला तुम्हीच शिकवलंत?"

"हो."

"म्हणजे बाई तयारीची होती. माझ्या अशिलाला जिवाची भीती वाटली, तर त्यात नवल काय?"

मास्तर म्हणाले, "मी तिला आधी पळायला शिकवलं होतं. ती पळालीही होती. पोरीला मागे टाकून कसं पळायचं, ते मला शिकवता आलं नाही."

"विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले.

क्रूमला नऊ वर्षांची शिक्षा झाली. मास्तरांनी व्यायामशाळेची किल्ली शाळेला परत केली. आम्ही दोनदा त्यांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा भरदुपारी त्यांची बायको दारातच म्हणाली, "झोपलेत."

ऑक्टोबरात झ्लातिनाची आई, नेद्याल्काबाई, नातीचं बोट धरून मास्तरांकडे निघाल्या. सोबतीला मी होते. या वेळी दार मास्तरांनीच उघडलं.

"बाई, मला माफ करा," ते खाली बघत म्हणाले.

"माफीचं राहू द्या. तो सुटेल तेव्हा मी एकाहत्तरची असेन आणि ही चौदाची. मला शिकवा."

"तुमचे गुडघे धड नाहीत, बाई."

"म्हणूनच आत्ता आले."

"मी शिकवलेलं तिच्या कामी आलं नाही."

"जिन्यापर्यंत पोचली ना? लग्नाच्या सात वर्षांत तो मारायला उठला की ती कधी उंबऱ्याबाहेरही पडू शकली नव्हती." नात त्यांच्या कोटाचं बटण फिरवत राहिली.

नोव्हेंबरात वर्ग पुन्हा भरला. पहिल्या दिवशी मास्तरांनी एकही ठोसा शिकवला नाही. नातीच्या वजनाचं, अठरा किलो वाळूचं पोतं आणलं आणि ते एका काखोटीला मारून, दुसरा हात मोकळा ठेवून शाळेचा जिना कसा उतरायचा, ते दाखवलं. मग एकेकीला उतरायला लावलं.

नेद्याल्काबाई पाचव्या पायरीवर धापा टाकत बसल्या. मास्तरांनी पोतं उचललं आणि पुन्हा वरच्या पायरीवर नेऊन ठेवलं.