हरलेल्या विजेची धास्ती

चालू विजेजवळ गेल्या की बाईंचा डावा हात आपोआप पाठीमागे जाई. दोन्ही हात पुढे केले तर वीज छातीतून जाते, हे त्यांनी मला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं. वालीवच्या एका गाळ्यात त्या विजेच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळून देत. साठीच्या, किरकोळ अंगाच्या, ड्रेसवर पुरुषी शर्ट चढवणाऱ्या. सगळे त्यांना ‘वाइंडिंगवाल्या बाई’ म्हणत. मी त्यांच्या हाताखाली बारा वर्षं काढली.

तार गुंडाळता गुंडाळता त्या परदेशातलं जुनं भांडण सांगत. “डीसीवाल्याची एकाच दिशेने वाहणारी वीज चार गल्ल्यांपुढे जाईना. एसीवाल्याने ट्रान्सफॉर्मरने दाब चढवला आणि गावंच्या गावं ओलांडली. मग हरणाऱ्याने काय करावं? एसीने चारचौघांत जनावरं मारून दाखवली. म्हणे, बघा ही मारकी वीज!” इथे त्यांचा हात थांबे. “लोकांना वाटलं, डीसी म्हणजे गरीब गाय. अरे, हरली म्हणून ती गरीब नाही झाली!”

दोन वर्षांपूर्वी चांदीपच्या नारायणदादांची मोटर दुरुस्त करून आम्ही बसवायला गेलो. पंप सौरऊर्जेचा, म्हणजे पॅनेलमधून येणारी वीज डीसी, आणि वेळ भर दुपारची. पंपाची पेटी पेंढा भरलेल्या खोपटात, दाराला लागूनच. आत कोपऱ्यात दादांची आई शेंगा निवडत बसली होती. बटण दाबलं आणि पेटीत निळी ज्योत उठली. उंदराने कुरतडलेली तार सुटली होती.

दादांनी मेन स्विच खाली पाडला. ज्योत तशीच. त्यांनी बादली उचलली.

“पाणी टाकू नकोस!” बाई ओरडल्या.

“मेन पाडला ना मी!”

“वरचा सूर्य पाडलास का? तार मेनच्या आधी तुटलीय. डीसीची ज्योत एसीसारखी मधे दम खात नाही. ताडपत्री आणा, गोधड्या आणा, पॅनेल झाका!”

आजींना बाहेर यायचं तर त्या ज्योतीला घासूनच यावं लागणार होतं. पेंढ्यावर ठिणग्या पडत होत्या, त्या आजी पदराने झटकत होत्या. बाई क्रेटवर पाय देऊन पॅनेलच्या लोखंडी सांगाड्यावर चढल्या. आम्ही खालून गोधड्या फेकत होतो, बाई वर पसरत होत्या. पॅनेलवरचं ऊन अडत गेलं तशी ज्योत थरथरली, बारीक झाली आणि विझली. दादांनी आईला उचलून बाहेर आणलं. उतरताना बाईंचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलात पंप पुरवणारा भेटायला आला. “झालं ते झालं. गावात बोलू नका, बाई. लोक घाबरून पंप काढून टाकतील.” बाईंनी नुसती मान हलवली. त्या दबल्या, असंच मला वाटलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “तो म्हणतो त्यात खोटं नाही. मला त्या जनावरं मारणाऱ्यासारखं व्हायचं नाही. पण गप्प बसले तर आणखी कोणाची आई आत अडकेल.”

“मग?”

“भीती घालायची नाही. काय करायचं ते शिकवायचं.”

तीन महिन्यांनी वॉकर टेकत त्या चांदीपच्या देवळात गावकऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. पुरवठादार मागे हाताची घडी घालून उभा होता. घडलेलं सगळं त्यांनी सांगितलं, तशी कुजबुज वाढली. एकाने विचारलं, “मंग काडून टाकायचा का पंप?”

सगळे बाईंकडे बघू लागले.

“कशाला? शेत भिजतंय ना त्याच्यावर? तारा दर महिन्याला बघा. पेंढा लांब ठेवा. ताडपत्री हाताशी ठेवा. आणि माणूस आधी बाहेर.”

मग मागून पुरवठादाराचाच आवाज आला, “ताडपत्री केवढी लागेल, बाई?”

पुढे त्यांना उभं राहून काम जमेना. गाळा माझ्या हाती देऊन त्या लेकीकडे नाशिकला गेल्या. गेल्या वर्षी तिथेच वारल्या. लेकीचा फोन आला, तसा मी चांदीपला गेलो. नारायणदादांची आई बांधावर बसली होती, पंप जोरात चालू होता. मी जवळ जाऊन सांगितलं. तिने कानामागे हात धरला.

“मोठ्यानं बोल, बाबा. पान्याच्या आवाजात आयकू येत नाय.”

मला ते पुन्हा एकदा सांगावं लागलं, ओरडून.