शिगेचं माप

सात पायल्या ज्वारीवरून मी गावात चोर ठरले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं काहीतरी गोड निघेल अशी आशा लावून कुणी बसायला नको.

पौडजवळच्या रिह्याच्या खोऱ्यात आमच्या गावाला तेव्हा एकच दुकान. दुकानदार गोड बोलायचा, पण पुरुषांशी. आम्हा बायकांना पायरीखाली उभं करायचा. रॉकेल मागितलं की आधी साबणाच्या दोन वड्या घ्या म्हणायचा. तांदूळ आमच्या घरचे, पण ज्वारी, डाळ, गूळ, मीठ सगळं त्याच्याकडूनच आणायचं. डाळीत हे एवढाले खडे. एकदा मी मूठभर खडे वेचले, नेऊन त्याच्या गल्ल्यावर ओतले आणि चारचौघांसमोर सांगितलं की ह्या पायरीवर पुन्हा पाय ठेवणार नाही. तोंडाची मी पहिल्यापासून फटकळ. घरी आल्यावर मात्र आठवलं, घरातलं मीठ संपलेलं होतं.

त्या दिवशी माझी मैत्रीण वाटीभर मीठ घेऊन आली. तिचं घर माझ्या भिंतीला लागून. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन ह्या गावात आलो. माझं पहिलं बाळंतपण तिनं केलं, तिचं दुसरं मी. तीच म्हणाली, आपणच दुकान काढू की. मी हसले. ती हसली नाही.

बघता बघता सात जणी झालो. पैसे कुणाकडं होते? प्रत्येकीनं घरचे तांदूळ आणले, ते पुण्यात विकले आणि त्यातून भुसार बाजारातून ज्वारी, डाळ, साखर उचलली. गोणी एसटीच्या टपावर. कंडक्टर कुरकुरायचा, सगळा बाजारच उचलून आणलाय म्हणायचा. फाट्यापासून पुढं बैलगाडी. दुकान माझ्या पडवीत थाटलं, कारण माझे मालक पिंपरीला कंपनीत, शनिवारी येणार. घरात सासूबाई, मी आणि एक लेकरू. रोज एकीनं दुकानावर बसायचं. शाळेचे गुरुजी वही लिहून द्यायचे. दुकान कुणाचं असं कुणी विचारलं की आम्ही साती जणी म्हणायचो, आमचं. काय सांगू, तेवढ्या एका शब्दासाठी मी वर्षभर उन्हातान्हात गोणी वाहिल्या असत्या.

तराजू होता, पण त्यावर गूळ आणि साखर. धान्य मापानंच द्या, असा गावाचाच हट्ट होता. वजनाचं लोखंड आतून पोकळ असलं तर कुणाला कळतंय, माप डोळ्यांना दिसतं. माप सासूबाईंचं, पितळी. पहिलं माप ओतताना एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. खळ्यावर मोजतात तसं. आणि भरायचंही खळ्यावर भरतात तसंच, काठाच्या वर उभा ढीग करून. त्या ढिगाला शीग म्हणतात. काठावरून हात फिरवून सपाट माप देणं म्हणजे दारी आलेल्या माणसाचा अपमान. तसं माप गावात फक्त तो दुकानदार द्यायचा. आम्ही कशाला देतोय? घ्यायला येणारी कुणाची नणंद, कुणाची चुलतसासू. डोंगरावरच्या वाडीतल्या बायका तर शीग बघून पदर आणखी पसरायच्या, की एक दाणा खाली सांडू नये. मीही तसंच भरत होते. मी काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. पण पुण्याचा व्यापारी आम्हाला वजनानं देत होता आणि आम्ही शिगेनं वाटत होतो, ही गोष्ट आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आली नाही. निदान मला तसं वाटत होतं.

दिवाळीच्या तोंडावर गुरुजींनी वही तपासली. गोणीत किती मापं बसतात ते त्यांनी व्यापाऱ्याला विचारून ठेवलं होतं. विकलेली मापं कमी निघत होती. गुरुजी बाहेरगावचे, त्यांच्या मते माप म्हणजे काठापर्यंत. त्यांनी सरळ मनानं विचारलं, मग सात पायल्या ज्वारी गेली कुठं?

देवळासमोर बसलो सगळे. भर दुपार, लख्ख ऊन, एकमेकींची तोंडं स्पष्ट दिसत होती. दुकानदारही पान चघळत एका बाजूला येऊन बसला होता. कुणी माझं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या नजरा माझ्या पडवीकडं वळल्या. मी काय बोलणार? माप म्हटलं की शीग आलीच. श्वासाचा कुणी हिशेब ठेवतं का? तो हिशेब मला सुचलाच नाही. मी मैत्रिणीकडं बघितलं. माझी खात्री होती की ती आता उठेल आणि सगळ्यांना झापेल.

गावातल्या एका जाणत्या माणसानं तिलाच विचारलं, तुला काय वाटतं? ती खाली बघून म्हणाली, "गोणी ह्यांच्या पडवीत असत्यात, किल्लीबी ह्यांच्याकडंच. आमी दिसभर बसून घरला जातो. माघारी काय व्हतं, आमाला काय ठावं?"

इतकी वर्षं मला अगं-तुगं करणारी बाई. आज मी तिला 'ह्या' झाले. माझ्या कानशिलात कुणी भडकावली असती तरी मी तोंड उघडलं असतं, पण त्या दिवशी माझी वाचाच बसली. आणि गप्प बसले म्हणून गुन्हा माझ्यावर पक्का झाला.

शनिवारी मालक आले. जेवले, हात धुतला. मग म्हणाले, काही अडचण होती तर मला सांगायचंस. म्हणजे ज्वारी मीच घेतली असं त्यांनीही धरलं होतं! सासूबाईंनी आपलं पितळी माप चिंचेनं घासलं आणि फळीवर पालथं घालून ठेवलं. दुकान बंद झालं.

पडवीत एक अर्धी गोण उरली होती, तिची वाटणी करायची होती. मी ती मोजायला बसले. आधी नेहमीसारखी मोजली, लाभ, दोन, तीन. का कोण जाणे, सगळी परत ओतली आणि गुरुजी मोजतील तशी काठावरून हात फिरवत मोजली. मापं वाढली. मी पुन्हा मोजली, पुन्हा तेवढीच वाढली. मनातल्या मनात सगळ्या गोणींना तसाच हिशेब लावला, तर हरवलेली ज्वारी सापडली. ती गावातल्या प्रत्येक घराच्या भाकरीत गेली होती.

मी उठले आणि तशीच, हाताला भुसा लागलेली, भिंतीपलीकडं गेले. ती भाकरी थापत होती. आनंदानं मला धड बोलता येत नव्हतं. शीग, शीग, एवढंच म्हणत होते. आता ती माझ्या गळ्यात पडेल, दोघी मिळून घरोघर जाऊन सांगू, असं काहीबाही माझ्या मनात चाललं होतं.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, "मला पयल्याच महिन्यात कळलं व्हतं. पर शीग तर समद्याच द्यायच्या; तितं बोलले असते तर साती जणी चोर ठरलो असतो. तुझ्या एकटीवर भागलं."

रागानं बोलली नाही. कोथिंबिरीचा भाव सांगावा तसं बोलली.

बाकीच्या जणींच्या घरी मी गेलेच. प्रत्येकीनं शपथेवर सांगितलं की मी नाही बाई कधी शीग दिली. पंधरा दिवसांत सहाही जणी दुकानदाराच्या पायरीखाली उभ्या राहू लागल्या, खडे वेचू लागल्या. मी मीठ पौडहून आणायची, चालत. गुरुजींना मोजून दाखवलं, ते हळहळले, पण देवळासमोर पुन्हा कुणी बसलं नाही. पुढं त्यांची बदली झाली.

त्या साली भात झोडून झालं तेव्हा ती आली. नव्या भाताचे पहिले तांदूळ शेजारी द्यायचे, ही आमच्याकडची रीत. मापभर आणले होते, वर चांगली उभी शीग, एक दाणा हलू न देता उंबऱ्यापर्यंत आणलेली. घे की, म्हणाली.

मी माप हातात घेतलं. तिला पदर पसरायला सांगितला. तिनं पसरला. मग काठावरून तळहात फिरवला आणि वरची सगळी शीग तिच्या पदरात पाडली.

"माझं एवढंच," मी म्हणाले. "वरचं घिऊन जा. पुना मोजायला कमी पडाया नगं."