दादांच्या देशातला मासा

माझ्या दुकानातली पाटी बाजारात माझ्यापेक्षा जास्त प्रसिद्ध होती. लाकडी चौकटीची, शाळेत असते तसली काळी पाटी. सकाळी बर्फावर मासे मांडून झाले की मी तिच्यावर खडूनं काहीतरी खरडायचे. 'सुरमई रुसली आहे, उद्या या.' 'बांगडा ताजा, मालकीण शिळी.' लोक मासे घेवोत न घेवोत, पाटी वाचून हसून जायचे. मला त्याचा फार तोरा होता. तो कसा उतरला ते सांगते.

मी रत्नागिरीकडची. लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला तीस वर्षं झाली. पाठवणीच्या वेळी आई रडत होती ती माझ्यासाठी कमी आणि माझ्या जेवणासाठी जास्त. "पोर देशावर दिली, आता तिला मासा कसला मिळतोय!" म्हणत होती. कोकणातल्या माणसाला घाट चढला की देश लागतो. नवऱ्याचं माशाचंच दुकान आहे हे तिला दहादा सांगून झालं होतं, पण मटणाच्या गावातलं माशाचं दुकान तिच्या हिशेबी खरं दुकान नव्हतंच.

नवरा बंदरावरून माल आणतो आणि मी दुकानात बसते. जून-जुलैत समुद्र बंद. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, दुकानात मी आणि माश्या. चौदा वर्षांपूर्वी अशाच बंदीत एक बंगाली सोनार दुकानात आला आणि म्हणाला, "दीदी, इलिश मागवा ना."

इलिश म्हणजे आमचा पाला. चांदीसारखा चकचकीत मासा, पण काटे असे बारीक आणि इतके, की आमच्याकडं त्याच्या वाटेला फारसं कुणी जात नाही. ह्या सोनारासारखे कितीतरी बंगाली कारागीर इथं दागिने घडवतात, शिरोलीच्या फौंड्रीत कामाला आहेत. ते सगळे ह्या माशासाठी जीव टाकतात. मग कलकत्त्याहून थर्माकोलच्या पेट्या यायला लागल्या, आणि पेट्यांबरोबर भांडणही आलं.

सोनार पद्मेचा. म्हणजे पद्मा नदीच्या माशाचा, जो सीमेपलीकडून, बांगलादेशातून येतो. त्याच्याशी भांडणारा फौंड्रीतला सुपरवायझर, तो गंगेचा. म्हणजे अलीकडचा, हुगळीच्या मुखाजवळ पकडलेला. सोनार पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. मी त्याला दादा म्हणायचे. गंगावाला त्याच्याहून दहा वर्षांनी लहान आणि तोंडाचा फटकळ. तो मला 'माशी' म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याच्यावर सुरी उगारली होती. नंतर कळलं, बंगालीत मावशीला माशी म्हणतात. एकच शब्द इकडं एक आणि तिकडं दुसरं सांगतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दर रविवारी दोघांची माझ्या दुकानात जुंपायची. सोनार म्हणायचा, "पद्मेचा मासा गोल, डोकं लहान, पोटात तेल. तुमचा लांबडा, नुसतं खारं पाणी." गंगावाला म्हणायचा, "खायला मिळतो तो मासा. तुमचे लोक वर्षभर दाबून ठेवतात आणि दुर्गापूजा आली की भीक घातल्यासारख्या चार पेट्या सोडतात." मग सोनार चिडायचा. "तिकडं अंडी घालायच्या दिवसांत नदी बंद ठेवतात, म्हणून मासा मोठा होतो. तुम्ही बोटाएवढी पिल्लंसुद्धा सोडत नाही." "आणि तिकडं काय सगळे साधू आहेत?" असं चालायचं. शेवटी दोघं माझ्याकडं वळायचे, "तुम्ही सांगा, कुठला चांगला?" मी म्हणायचे, दोन्ही चांगले. खरं म्हणजे मी दोन्हीतला एकही कधी तोंडात घातला नव्हता. समुद्राचं सोडून नदीचं कोण खाईल, ही माझी घमेंड.

दोन वर्षांपूर्वी पलीकडं सरकार उलथलं. आधी बातमी आली की यंदा मासा द्यायचा नाही. सोनाराचा चेहरा उतरला. गंगावाल्याला चेव आला. एका रविवारी भर गिऱ्हाइकांत तो म्हणाला, "बांगाल आहेस तू, बांगाल! एवढा पुळका आहे तर जा ना उधर!" बांगाल म्हणजे ज्यांचं मूळ पलीकडचं, ते. एरवी चेष्टेतला शब्द, पण त्या दिवशी त्याला धार होती. सोनार काही न घेता निघून गेला.

मग पूजेच्या तोंडावर परवानगी मिळाली आणि एक पेटी माझ्याकडं आली. सोनार धावत आला. त्यानं माशाचा कल्ला उघडून पाहिला, नाकाशी नेला, आणि त्याचे डोळे भरून आले. "आमादेर देशेर माछ," म्हणाला. एवढं बंगाली मला कळत होतं. आमच्या देशाचा मासा. मला भरून आलं आणि चेष्टाही सुचली. दोन्ही एकदम झालं की माझा हात खडूकडं जातो.

मी लिहिलं, 'पद्मेचा इलिश आला! आमच्या सोनारदादांच्या देशातला मासा. बांगलादेश स्पेशल.'

सोनारानं अक्षर अक्षर लावून पाटी वाचली आणि पोट धरून हसला.

तिसऱ्या दिवशी समोरचा चिकनवाला मोबाइल घेऊन आला. "मावशी, तुमच्या पाटीचा फोटू फिरतोय की सगळीकडं."

फोटो माझ्याच पाटीचा, माझंच वळणदार अक्षर. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'कोल्हापुरात बांगलादेशी सोनार. मासेवालीनंच सांगितलं, आता तरी जागे व्हा.' पाटीच्या कडेला सोनाराचं अर्धं तोंड दिसत होतं. हसणारं.

"चेष्टा होती ती," मी म्हणाले.

"आपल्याला म्हाईत हाय. त्यास्नी कुठं म्हाईत हाय?" चिकनवाला म्हणाला.

मी ओल्या फडक्यानं पाटी खसाखसा पुसली. मोबाइलमधली कशी पुसणार? त्या दिवसांत टीव्हीवर रोज दाखवत होते, अमुक गावात बांगलादेशी पकडले, तमुक गावात पकडले. त्यातले काही नंतर आपलेच निघायचे, पण ते नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला सोनाराची बायको दुकानात आली. हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. तिला मराठी बेताचंच. तुटक तुटक सांगितलं ते एवढं, की मालकानं दादांना 'हे मिटेपर्यंत कामावर येऊ नको' म्हणून सांगितलंय, आणि सकाळी दहालाच दादांना चौकीत बोलावून नेलंय. पाटीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मी शटर ओढलं आणि तिच्याबरोबर निघाले. जाता जाता गंगावाल्याला फोन केला. पिशवीतले जुने कागद सगळे बंगालीत होते, आणि बंगाली वाचून मराठीत सांगणारा माझ्या ओळखीचा तो एकच. त्यानं सगळं ऐकून घेतलं. 'जा उधर' म्हणणारा माणूस. मला वाटलं, आता हा फोन ठेवणार. मग म्हणाला, "येतो, माशी."

चौकीत सोनार बाकावर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा. हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं मला खुर्ची दिली आणि समोरचा कागद माझ्याकडं फिरवला. "मावशी, आधारकार्ड हाय, मतदानाचं कार्ड हाय. पण हल्ली त्यावर कोण इस्वास ठेवतंय? आनि ह्यानं सोत्ताच सांगितलंय बघा."

कागदावर लिहिलं होतं, 'देश: फरीदपूर (बांगलादेश).'

"असं सांगितलंत दादा?" मी विचारलं.

"पूछा, देश कौनसा. तो बोला, फरीदपूर," तो म्हणाला.

बारा वर्षं ह्या माणसाला मी मासे कापून दिले. तो खरंच तिकडचा असेल तर? आणि मी ते पाटीवर लिहून गावाला सांगितलं असेल तर? लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला त्याच्यापेक्षा माझी काळजी जास्त वाटली.

तेवढ्यात गंगावाला आला. फौंड्रीचे कपडे तसेच, हातांना काळी वाळू. सोनाराकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. हात शर्टाला पुसले आणि पिशवीतला शाळेचा दाखला उचलला. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. बोट ठेवून एकेक ओळ मराठीत सांगितली. प्राथमिक शाळा. जिल्हा नदिया, पश्चिम बंगाल. जन्मही तिथलाच. वडिलांचा धंदा सोनारकाम.

हवालदार ऐकत होता. मग म्हणाला, "तुमचं आनि ह्याचं भांडान हाय म्हनं?"

"रोजचं आहे," गंगावाला म्हणाला.

"मग खरं त्येच सांगशिला. ह्येचा देश कुठला?"

गंगावाल्यानं क्षणभरसुद्धा विचार केला नाही. "फरीदपूर."

सोनाराच्या बायकोनं पिशवी छातीशी धरली. हवालदारानं पेन उचललं. आणि सोनारानं चक्क मान डोलावली, बरोबर उत्तर मिळाल्यासारखी! मला दोघांच्याही कानाखाली जाळ काढावासा वाटला. एक सोडवायला आला होता आणि एक सुटायला बसला होता, आणि दोघं मिळून स्वतःच्या हातानं दार बंद करत होते. पण ती डोलावलेली मान मला खटकली. खोटं लपवणारा माणूस अशी मान डोलावत नाही.

मी गंगावाल्याला विचारलं, "आणि तुझा देश कुठला रे?"

"बर्धमान."

"तुझं घर तर हुगळीला आहे म्हणतोस."

"घर हुगळी. देश बर्धमान. आजोबा तिथले. मी पाहिलेलं पण नाही."

"दादा, तुम्ही फरीदपूर पाहिलंय?"

"नाही दीदी. बाबा लहान होते तेव्हा आले. तिथल्या नदीच्या गोष्टी सांगायचे."

आता डोक्यात प्रकाश पडला. मी उठून उभी राहिले. आवाज चढला, तो नेहमीच चढतो. "साहेब, मी रत्नागिरीची. माझं लग्न झालं तेव्हा आई म्हणाली, पोर देशावर दिली. मग मी काय परदेशातून आले? लिहा माझंही नाव! ह्यांच्यात देश म्हणजे आजा-पणज्याचं गाव. माणूस जन्मलाय इथंच. आणि ती पाटी माझी आहे. मी लिहिली, माझ्या अकलेनं. ह्यांनी नाही."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "व्हय की. माझी सासू मालवनची हाय. ती बी म्हनती, देशावरची मान्सं लई तिकाट खात्यात." तो हसला नाही, पण 'देश' ह्या शब्दावर त्यानं काट मारली आणि वर 'मूळ गाव, पूर्वजांचे' असं लिहिलं. दाखल्याची चौकशी नदियाला जाईल, तोवर गाव सोडायचं नाही, असं सोनाराला सांगितलं. आम्ही उठलो तेव्हा मला म्हणाला, "मावशी, मासं इका की. मान्सं कशाला पाटीवर लिवता?"

बाहेर आल्यावर मी सोनाराची माफी मागितली. तो म्हणाला, "पाटी में गलत क्या था दीदी? वो देश का ही माछ था." गंगावाला शिफ्टला परत गेला.

दोनेक आठवड्यांनी नदियाहून उत्तर आलं, सगळं बरोबर निघालं. सोनार कामावर रुजू झाला. त्याच रविवारी माझ्याकडं पद्मेची शेवटची पेटी आली होती. तिकडची बंदी लागणार होती, म्हणजे आता वर्षभर पुन्हा नाव नको. गंगावाला आधीच येऊन उभा होता. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. सोनार आला.

"दादा, पद्मेचा एकच उरलाय. तुमच्यासाठी ठेवलाय," मी म्हणाले.

त्यानं माशाला हात लावला नाही. नाकाशी नेला नाही. आजूबाजूच्या लोकांकडं एकदा बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, आपल्या गंगेचा द्या."

बारा वर्षं तो मला दीदी म्हणत होता.

मला वाटलं, गंगावाला आता टाळी देईल. जिंकलाच होता तो. पण तो खाली मान घालून बंगालीत काहीतरी पुटपुटला. 'पद्मेचा घे' एवढं मला कळलं. सोनारानं मान हलवली.

"गंगेचा बी चांगला असतोय की," तो म्हणाला. अगदी आमच्या कोल्हापुरी हेलात.

मी गंगेचा मासा कापला. कापल्यावर धुतला नाही, धुतला की तेल जातं असं त्यानंच मला शिकवलं होतं. त्यानं पिशवी घेतली आणि गेला. गंगावाला काही न घेताच गेला.

पद्मेचा मासा दिवसभर बर्फावर पडून राहिला. संध्याकाळी मी तो घरी नेला. सोनार सांगायचा तसा मोहरी वाटून केला आणि आयुष्यात पहिल्यांदा काटे काढत काढत खाल्ला. बारा वर्षं दोघं मला विचारत होते, कुठला चांगला.

पद्मेचाच चांगला. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी तो येतो, गंगेचा मागतो, आणि मी देते.