रॅलीच्या गाडीचे दोन काटे

मार्च १९८६, दुसरा शनिवार. काम एकच: धाकट्या दिरांच्या गाडीचा तापमानाचा काटा का नाचतो, ते संध्याकाळी पाचच्या आत शोधायचं. पाचला गाडी तपासणीला उभी करायची होती आणि रविवारी सकाळी त्यांची पहिली रॅली.

तुर्भ्याचं गॅरेज नवऱ्याचं, पण वायरिंग आणि मीटर मी बघायचे. आधी काही वर्षं मी एका कारखान्यात विजेचे मीटर जुळवले होते. दिरांनी जुनी गाडी घेऊन, तिचं इंजिन खोलून, तीन वर्षं खपून ती शर्यतीसाठी तयार केली होती. काटा खरं सांगत असेल तर इंजिन घाटात जाम होणार. खोटं सांगत असेल तर बिनघोर जायचं. नेमकं तेच कळत नव्हतं.

गुरुवारपासून मी सेन्सर बदलला, मीटर बदलला, वायर नवी टाकली. काटा मधेच लाल पट्ट्यात, मधेच मध्यावर. दीर म्हणत होते, वायरच काढून टाका, मी बघणारच नाही तिकडे. नवऱ्यालाही ते पटत होतं. मला दोघांचाही वैताग आला होता, आणि काट्याचा त्याहून जास्त.

तीनच्या सुमारास सहज हेडलाइट लावले आणि तेलाच्या दाबाचा काटाही त्याच क्षणी उडाला. दोन मीटर एकदम बिघडत नाहीत. दोघांत सामाईक एकच, इंजिनचं अर्थिंग, विजेची परतीची वाट. इंजिनापासून बॉडीला जाणारी तांब्याची पट्टी शोधायला बॅटरीमागे हात घातला, तर बोटांना बुळबुळीत काही लागलं. लिंबू. वर मिरच्या. चारपाच शनिवारांची तरी असतील. लिंबाच्या रसाने पट्टीचा बोल्ट हिरवा पडून खाल्ला गेला होता.

"हे कुणी बांधलं?"

दीर फडक्याने हात पुसत राहिले. वजन कमी करायला पुढचा बंपर त्यांनीच काढला होता, त्यामुळे बांधायला बाहेर जागाच नव्हती.

"सगळेच बांधतात, वहिनी."

"बाहेर बांधतात, भाऊजी. अर्थिंगच्या बोल्टला कुणी बांधत नाही."

बोल्ट बदलला, पट्टी कानसीने घासली, इंजिन चालू केलं. हेडलाइट लावले, बंद केले. काटे जागचे हलले नाहीत. दीर हसायला लागले. मग तापमानाचा काटा हळूहळू चढत सरळ लाल पट्ट्यात गेला आणि तिथेच थांबला.

"अजून खोटंच दाखवतोय."

"आता नाही."

रेडिएटरच्या वरच्या पाइपावर हात ठेववत नव्हता आणि खालचा नुसता कोमट होता. रेडिएटर तुंबून पाणी फिरतच नव्हतं. तीन दिवस आम्ही खोट्या काट्याशी भांडलो, त्यात खरा दोष झाकून राहिला. तासाभरात रेडिएटर साफ होणं शक्य नव्हतं. दीर म्हणाले, जाईल तिथपर्यंत जाईल. मी चावी काढून पर्समध्ये टाकली. ते चहा न घेता निघून गेले.

रविवारी सकाळी, रॅली सुटायच्या वेळेला, मी रेडिएटर उतरवून नळाखाली उलटा धरला. अर्धा तास लाल गाळ येत होता.