मोकळी सोडलेली ओळ

रविवार, ११ सप्टेंबर १९६६. किहीम. हजर : मी, मुलगी कुसुम, धाकटे दीर वसंतभावोजी आणि आमची मासळीवाली जनाबाई. ह्यांचा तेरावा झाला, पाहुणे गेले आणि मी घरखर्चाची वही काढली. आमच्या वहीचं प्रत्येक पान असंच सुरू होतं, तारीख आणि हजेरीने. एकोणीस वर्षं तिथे एवढंच असे... 'हजर : दोघं'.

पद्धत माझी. सत्तेचाळीस साली लग्न झालं तेव्हा हे अलिबागच्या कचेरीत कारकून, मी गावच्या शाळेत मास्तरीण. एक तारखेला दोघांनी पाटावर बसायचं, गेल्या महिन्याची बेरीज करायची, खाली दोघांच्या सह्या. एक सही नसली तर पान उलटायचं नाही. एवढी शिस्त मामलेदाराकडेही नाही म्हणून हे चिडवत, पण सही करीत. अडचण एकच, ह्यांना नाही म्हणता येत नसे. कौलांसाठी जमवलेले ऐंशी रुपये एकदा जनाबाईच्या नवऱ्याच्या फुटक्या होडीसाठी परस्पर देऊन आले, आणि तोही पावसाळा आम्ही पेंढ्याच्या छपराखाली पातेली मांडून काढला.

पुढे मला महिना सहा रुपये पगारवाढ मिळाली. मी ती सांगितली नाही. वहीत जुनाच पगार लिहिला आणि सहा रुपये कुळथाच्या डब्यात, तळाशी. माझ्यासारख्या याद्या करणाऱ्या बाईने एक साधी गोष्ट विसरावी याचं अजून नवल वाटतं : शिक्षकांच्या पगाराची बिलं ह्यांच्याच टेबलावरून जात.  त्या महिन्यापासून हे माझ्या पगाराखाली एक ओळ मोकळी सोडून बेरीज करू लागले. विचारलं तर म्हणाले, राहू दे, लागली तर असावी. आणखी एक झालं. ह्यांना आठवड्यातून दोनदा कुळथाची पिठी लागे, आणि उंच फडताळावरचा डबा तेच काढून देत. ती मागणंच बंद झालं. मी मुकाट्याने 'कुळीथ : नाही' असं लिहीत गेले...

चौदा महिन्यांनी, फाल्गुनात, छपराच्या शाकारणीची वेळ आली तेव्हा मी वहीआधी डबा ह्यांच्यापुढे ठेवला. पैशांची चिंता नव्हती. ह्यांनी माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवणंच सोडलं तर पुढे दोन सह्यांना अर्थ काय, ही धास्ती होती. ह्यांनी नोटा मोजल्या नाहीत.

"माझ्या हातात पैसा टिकत नाही, हे खरंच आहे," म्हणाले. "पण पुढच्या खेपेला मला सांगून लपव." आणि डबा माझ्याकडे सरकवून, "आता पिठी कर. चौदा महिने झाले."

चौदाही ओळी मी त्याच बैठकीत भरल्या. सगळ्या बेरजा बदलल्या, आणि प्रत्येकीखाली ह्यांनी पुन्हा सही केली. वैशाखात कौलं चढली.

परवाच्या ऑगस्टात, जाण्याच्या आदल्या आठवड्यात, ह्यांनी घरखर्चातून पाच रुपये घेतले. कशाला, म्हटलं, तर "एक तारखेला सांगतो." एक तारखेची बैठक झालीच नाही. तेराव्याला वही उघडली तशी जनाबाई हळूच म्हणाली, "बाय, तं पैसं कुठं गेलं, मला म्हाईत हाय. सांगू काय?" मी म्हटलं, आज नको. भावोजींचं म्हणणं, वहिनी, किरकोळ लिहा आणि मिटवा. कुसुम बाबांच्या जागी सही करायला तयार होती. मी त्या पाच रुपयांसाठी एक ओळ मोकळी सोडली आणि खाली माझी सही केली.

आता ऑक्टोबर संपत आला. जनाबाई दर दोन दिवसांनी दारात टोपली उतरवते, माझ्याकडे बघते, विचारत नाही. सप्टेंबरचा खर्च मी सुट्या कागदांवर लिहून वहीला टाचून ठेवला आहे. बाकी सगळी कामं यादीप्रमाणे उरकली. ऑगस्टची बेरीज तेवढी करायची आहे.